एमओटी पास झालेली गाडी रस्त्यात बंद का पडली

"अगं, पण तपासणी पास झालेली गाडी ना ती? मग बंद कशी पडली?"

बाबा सांगलीहून हे विचारत होते तेव्हा मी इंग्लंडमधल्या एम-वन मोटरवेच्या कडेला, लोखंडी कठड्यापलीकडच्या ओल्या गवतात उभी होते. फेब्रुवारीतली सकाळ, पावणेसात वाजलेले, अजून नीट उजाडलंही नव्हतं. जंक्शन २१ सोडून पाचेक मिनिटं झाली असतील, डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेईपर्यंत इंजिनातून डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज यायला लागला होता. गाडी घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते.

मी लेस्टरमध्ये कम्युनिटी नर्स आहे. दिवसाला आठ-दहा घरं, त्यातली निम्मी शहराबाहेरच्या गावांत. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इन्सुलिन. त्या दिवशी पहिल्याच घरी एक आजी इन्सुलिनसाठी न्याहारी न करता थांबल्या होत्या. माझ्या जागी मैत्रीण तिथे पोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. त्या आजींचं थांबणं मला आजही टोचतं, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

ती गाडी आम्ही घेतली ती एमओटी बघूनच. इकडे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते, तिला एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची आद्याक्षरं. १९६० साली सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती आणि ब्रेक, स्टिअरिंग, दिवे एवढंच बघत. आता यादी खूप लांब आहे, पण मूळ हेतू तोच आहे: ही गाडी आज रस्त्यावर कुणाच्या जिवावर उठणार नाही ना? आमच्या गाडीचा तीन वर्षांचा निकाल स्वच्छ होता. नुसता पास नाही, एकही शेरा नाही. आम्ही दोघांनी तो मोबाइलवर बघितला आणि त्याच संध्याकाळी पैसे भरले.

बाबांना हे फोनवर समजावणं अवघड गेलं, कारण त्यांच्या हिशेबात तपासणी म्हणजे आरटीओ. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, मग पुन्हा नोंदणी, आणि नंतर दर पाच वर्षांनी. त्यांची जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली तेव्हा मीही गेले होते बरोबर. कागदावर पेन्सिल घासून चेसिस नंबरचा ठसा घेतला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. गाडी चांगली की वाईट हे मात्र बाबांना कायम त्यांच्या मिस्त्रींनीच सांगितलं. ते गाडी एकदा माधवनगरपर्यंत चालवून आणत, बॉनेट उघडं ठेवून इंजिन ऐकत आणि मग बोलत.

माझी बंद पडलेली गाडी ज्यांच्याकडे नेली ते गॅरेजवाले काका गुजराती आहेत. लेस्टरमध्ये गुजराती लोक पुष्कळ, त्यामुळे त्याचं नवल नाही. त्यांनी इंजिनाखालची तेलाची टाकी उतरवली, आतली जाळी काढली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवून माझ्यापुढे धरली. चहाच्या गाळणीएवढी जाळी. निम्म्याहून जास्त भोकं काळ्या, मऊ तुकड्यांनी बुजलेली. मी एक तुकडा नखाने उचलला, तो रबराचा होता. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बाहेर कोरडा नसतो, तेलात बुडून फिरतो. तेल वेळेवर बदललं नाही की बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचे कण जाळीत अडकतात, तेल वर चढत नाही आणि बेअरिंगं कोरडी पडतात. तो खड्यांचा आवाज त्याचा होता.

"बेन, एमओटीवाळो ब्रेक जुए, एन्जिन नहि," काका म्हणाले. एमओटीवाला ब्रेक बघतो, इंजिन नाही.

हे त्यांचं मत नाही, नियमच आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कोणत्या अवस्थेत आहेत हे एमओटीत बघितलंच जात नाही. धूर मोजतात, तेल-इंधन गळतं का बघतात, इंजिनचा इशाऱ्याचा दिवा पेटलेला असेल तर नापास करतात, बस. तपासणाऱ्याला एकही भाग खोलायची परवानगी नाही. जाळी त्याला दिसणार कशी?

नंतर एकदा मी मुद्दाम एमओटी तपासणी बघायला थांबले. मन लावून केलेलं काम होतं ते. चाकं रोलरवर घेऊन प्रत्येक ब्रेकचा जोर मोजला. लिफ्टखाली टॉर्च घेऊन सस्पेन्शनच्या बुशमध्ये पहार घालून हलवून बघितलं. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या वर आहेत का, ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या काचेवर १० मिलिमीटरहून मोठा तडा आहे का, सगळं बघितलं. जास्तीत जास्त ५४.८५ पाउंडांत एवढं काम होतं, आणि त्याने रस्त्यावरचे जीव वाचतात असं मला मनापासून वाटतं. सरकारने ही तपासणी एक वर्षाआड करायचा विचार केला होता, २०२४ च्या जानेवारीत तो सोडून दिला, याचा मला आनंदच झाला. पण गाडी उद्या सकाळी सुरू होईल का, हा प्रश्न त्या माणसाला कुणी विचारलेलाच नसतो.

याउलट नवऱ्याची गाडी घ्या. २००७ ची जपानी हॅचबॅक. ती चार वेळा नापास झाली आहे. एकदा बल्ब, एकदा टायर, एकदा हँडब्रेक, एकदा मागची स्प्रिंग तुटलेली. इकडच्या थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने स्प्रिंगा आणि पाइप गंजतात, त्यात खड्डे. कागदावर ही गाडी रोगट दिसते. रस्त्यात मात्र ती एकदाही थांबलेली नाही.

जर्मनीत टीयूव्ही ही तपासणी संस्था अशाच तपासण्यांचा मॉडेलनिहाय अहवाल दरवर्षी काढते. २०२४ च्या अहवालात दोन-तीन वर्षांच्या गाड्यांत टेस्ला मॉडेल ३ सगळ्यात खाली होती. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच वेग कमी करते, ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून डिस्कवर गंज धरतो, हे त्यामागचं एक कारण सांगतात. वेळेवर सर्व्हिसिंगला नेलेली गाडी तिथे आधीच दुरुस्त होऊन येते, न नेलेली तपासणीत पकडली जाते. म्हणजे त्या आकड्यांत गाडी किती आणि मालक किती, हे वेगळं काढता येत नाही.

एकेका गाडीच्या इतिहासातून मालक मात्र स्पष्ट दिसतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. इथे कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनचा एमओटीचा इतिहास फुकट बघता येतो: नापासाची कारणं, शेरे, दरवेळचे मैल. वॉर्डात आम्ही एका वेळचं बीपी बघून काही ठरवत नाही, चार्ट बघतो. तसंच मी आता वाचते. "ब्रेक पाइपला किंचित गंज" हा शेरा सलग तीन वर्षं तसाच असेल, तर त्या माणसाने तेलही वेळेवर बदललं नसणार असं मी धरून चालते. मैलांचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा कमी दिसला, म्हणजे मीटर मागे फिरवल्याचा संशय आला, तर ती गाडी बघायलाही जात नाही. आणि शेरे अजिबात नसले तरी बेल्ट आणि तेल बदलल्याची बिलं मागते. बंद पडलेल्या त्या निळ्या गाडीच्या वेळी मी एकही बिल मागितलं नव्हतं.

नवं इंजिन टाकणं गाडीच्या किमतीपेक्षा महाग होतं, ती आम्ही भंगारात दिली. आता मी नवऱ्याची जुनी जपानी चालवते, तो बसने जातो. तिचा एमओटी या महिन्याच्या १९ तारखेला आहे. गेल्या वर्षी डाव्या ब्रेक पाइपवर गंजाचा शेरा होता. काकांनी तो पाइप ऑक्टोबरमध्येच बदलून दिला, रस्त्यावर मीठ पडायच्या आत.