तीन आटे

नटाच्या तोंडातून बोल्टचे किमान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. शेडमध्ये नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला मी हे सांगतो. दुसरं काही शिको न शिको, हे आलंच पाहिजे. त्या गुरुवारी मात्र सायकल धरणारा नट जेमतेम तीन आट्यांवर चढला होता, बाहेर दिसायचा तर प्रश्नच नव्हता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि तरी गाडी बाहेर काढली. चार महिने झाले. अजून रात्री तो नट डोळ्यासमोर येतो.

पुण्यात नऱ्ह्याला माझी गाड्यांच्या आतल्या कामाची शेड आहे. आधी स्कूल व्हॅन, रुग्णवाहिका, फिरती दुकानं केली. गेली काही वर्षं कॅम्पर व्हॅनची, म्हणजे प्रवासात आतच राहता-झोपता येईल अशा गाड्यांची, कामं जास्त येतात. लोकांना वाटतं, पलंग, ओटा आणि चार दिवे बसवले की झालं. खरं काम वजनाचं असतं. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो. ते मागच्या चाकाच्या पुढे ठेवलं तर गाडी एक वागते, मागे ठेवलं तर दुसरी. हे व्हिडिओत दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक सनमायकाच्या रंगावर दोन तास घालवतं आणि टाकीच्या जागेवर दोन मिनिटं.

हे जोडपं तसं नव्हतं. दोघंही पन्नाशीच्या पुढची, आठवड्याला दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारणारी. फोर्स ट्रॅव्हलर ही मिनीबस घेऊन आले आणि पहिलं वाक्य बोलले, "दादा, सायकली आत पाहिजेत. बाहेर नको."

कारणही पक्कं होतं. त्यांना कोकणची किनारपट्टी थोडी थोडी करून सायकलवर संपवायची होती. आधीच्या कारला मागे कॅरियर होतं. दाभोळहून धोपाव्याला जाताना गाडी फेरीबोटीवर चढवायची, त्या उतारावर कॅरियरचं टोक घासलं आणि वाकलं. शिवाय सायकलीमागे नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, त्यावरून पोलिसांनी दोनदा अडवलेलं. खाऱ्या हवेनं एका मुक्कामात चेन तांबडी व्हायची. आणि रात्री कॅरियरला कुलूप असलं तरी झोप लागत नाही, हे ताईंनी सांगितलं तेव्हा मला पूर्ण पटलं.

सायकल आत घ्यायची म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण या कामाचा मला अभिमान होता. ट्रॅव्हलरला आतून इन्सुलेशन आणि प्लाय लावल्यावर आमच्या हातात साडेपाच फूट रुंदी उरते. रोड बाईक उभ्याउभ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तेवढीच लांब, म्हणजे आडवी बसवायचं विसराच. पलंग मागे, लांबीच्या दिशेनं, आणि त्याच्याखाली सायकली. पण अख्खी सायकल उभी ठेवली तर हँडल साडेतीन फुटांवर येतं. त्याच्यावर पलंग घातला तर गादी आणि छत यांच्यात दोनच फूट राहतात; माणसाला सरपटत आत शिरावं लागेल. पुढचं चाक काढलं, ते चाक धरणारा चिमटा खाली आडव्या पाईपवर बसवला आणि सीट खाली घेतली की तीच सायकल पावणेतीन फुटांत मावते. मग पलंगावर बसून चहा पिता येतो. या पाऊण फुटासाठी सगळा खटाटोप.

मागच्या सीटच्या लगेच पाठीमागे, गाडीच्या रुंदीभर मी ४० बाय ४० चा चौकोनी पाईप टाकला. नुसता प्लायमध्ये स्क्रू मारून नाही. खाली चासीच्या क्रॉस मेंबरपर्यंत, म्हणजे आडव्या लोखंडी पट्टीपर्यंत, आरपार, १० मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे मजबूत बोल्ट, खाली रुंद वॉशर, हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉक नट. त्यावर चिमटा धरणारे दोन क्लॅम्प. हिशेब वहीत लिहिलेला आहे: गाडी ताशी ५० च्या वेगात असताना अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या वीसपट जोर येतो. १४ किलोची सायकल २८० किलोनं पुढे ओढते. गाडीत बदल करताना आरसी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कॅराव्हॅनसाठीचं एआयएस १२४ हे मानक हे सगळं विचारलं जातं, सीटबेल्टचे अँकर बघितले जातात. आत ठेवलेल्या सायकलीला काय बांधलंय, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. म्हणून मीच विचारतो, असं मी अभिमानानं सांगायचो.

मी मापं घेतली तेव्हा दोघांच्या सायकली प्रत्यक्ष शेडमध्ये होत्या. फोनवर मापं मागायची नाहीत, हा धडा आधीच मिळालेला; लोक फ्रेमचा साइज पाठवतात किंवा टायरचा. दोन्ही सायकलींचा चिमटा जुन्या मापाचा: आतून १०० मिलिमीटर आणि लिव्हर दाबून आवळायचा बारीक दांडा. क्लॅम्प त्याच मापाचे आणले.

डिलिव्हरीच्या दिवशी दोघं आले. नारळ, पेढे, चाकाखाली ठेवायला लिंबं. आणि काकांच्या हातात नवी कोरी माउंटन बाईक. "वाढदिवसाला मुलानं दिली," म्हणाले. इतका आनंद होता चेहऱ्यावर. मी चिमटा बघितला आणि पोटात गोळा आला. आतून ११० मिलिमीटर, आणि बारीक दांड्याऐवजी आरपार जाणारा १५ मिलिमीटरचा जाड ॲक्सल. आमच्या क्लॅम्पवर तो बसणारच नव्हता. दुकानदारानं विकताना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सायकली विकणाऱ्यांना गिअर किती हे पाठ असतं. चिमट्याचं माप विचारलं की ते मोबाईल काढतात.

तिथे थांबायला हवं होतं. योग्य क्लॅम्प मागवायला दहाबारा दिवस लागले असते. पण लिंबं चाकाखाली गेली होती, काका सायकलवरून हात फिरवत होते. आणि मलाही वाटलं, आपल्याला काय अशक्य आहे? शेजारच्या लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचे दोन बुश, म्हणजे पोकळ कडी, काढून घेतले: दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर भरणारे आणि चिमट्याच्या भोकात नीट शिरणारे. काम सुरेख झालं, बोटानं दाबल्यावर टक् करून बसले. पण नव्या चिमट्याचे पाय जाड होते. क्लॅम्पमधला दांडा जुनाच, जुन्या मापाचा. तो आरपार गेला आणि पलीकडे जरासा डोकावला. नट फिरवला. एक, दोन, तीन, आणि लिव्हर आवळला गेला. हलवून बघितलं, घट्ट वाटलं. मनात म्हटलं, आज ट्रायलच तर आहे.

याच गडबडीत काकांकडून चाक काढलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला. डिस्क मध्ये नसताना ब्रेक दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात. ते सपाट स्क्रू ड्रायव्हरनं हळूहळू मागे ढकलण्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत मला नटाचा विचार पुन्हा करता आला असता.

जुन्या कात्रज घाटानं वर गेलो. मी चालवत होतो, काका शेजारी, ताई मागच्या सीटवर बेल्ट लावून. बोगदा ओलांडून शिंदेवाडीला उतरलो, चहा घेतला. ताई म्हणाल्या, काही वाजत नाही हो. खरंच वाजत नव्हतं. परत त्याच घाटानं निघालो. कात्रजच्या बाजूला उतरताना एका वळणावर समोरून एसटी आणि तिला ओव्हरटेक करत एक मोटरसायकल, थेट आमच्या अंगावर. ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, मोटरसायकलवाला निघून गेला. पण मागून आधी "टक्" आणि लगेच प्लाय फुटल्याचा आवाज आला.

कडेला घेऊन मागचं दार उघडलं. ताईंची रोड बाईक जशीच्या तशी उभी. नवी सायकल पुढे झोकलेली, मागचं चाक वेल्क्रोच्या पट्टीत लटकलेलं. चाक नसलेल्या चिमट्याचे दोन्ही पाय बैलाच्या शिंगांसारखे सीटखालच्या खोक्यात घुसले होते. त्या खोक्यात २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी होती. ताई त्याच सीटवर होत्या, पाय वर घेऊन बसलेल्या.

आधी मेन स्विच बंद केला. फुटलेला सहा मिलिमीटरचा प्लाय काढला. चिमट्याचा एक पाय बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर येऊन थांबला होता. टर्मिनलवर लाल रबरी टोपी होती. टोपीवर नखाएवढी अर्धगोल चीर पडलेली, आरपार नाही. दुसरा पाय सीटच्या लोखंडी सांगाड्याला टेकलेला, आणि तो सांगाडा चासीशी, म्हणजे निगेटिव्हशी, जोडलेला. टोपी नसती तर सायकलनंच सर्किट पुरं केलं असतं आणि त्या क्षणी किती करंट वाहिला असता, याचा विचार करायला मला तिथे उभं राहवेना.

ती टोपी आमच्या वायरिंगच्या पोरानं बसवलेली. एकवीस वर्षांचा आहे. टोपी मिळेना म्हणून त्यानं आदल्या संध्याकाळी दोन तास घालवले, तेव्हा मी त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडलो होतो: बंद खोक्यात टोपी कोण बघतंय? तो काही बोलला नाही. गाडी घेऊन बुधवार पेठेतून टोपी आणली आणि लावली.

घाटात ताईंनी विचारलं, "दादा, काय झालं नेमकं?" मी म्हणालो, "क्लॅम्प निसटला." ते खोटं नव्हतं, पण ते पुरतं खरंही नव्हतं. दोन रॅचेट बेल्टनं सायकल बांधली आणि तीसच्या वेगानं परत आलो. त्यांना रिक्षात बसवलं. पेढ्यांचा बॉक्स डॅशबोर्डवर तसाच होता.

शेडमध्ये दांडा हातात घेऊन बघितला. शेवटचे तीन आटे साफ घासले गेले होते, नटात चांदीसारखा चुरा. रात्री साडेनऊला ताईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. नट तीन आट्यांवर होता, मला दिसला होता, मी तरीही गाडी काढली. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. मला तो नट बघायचाय."

सकाळी आल्या. स्टुलावर बसल्या, नवा नट आणि तसलाच दुसरा दांडा मागून घेतला, बुशमधून ओवला आणि स्वतः नट फिरवला. प्रत्येक फेऱ्याला मोठ्यानं मोजलं. तीनला थांबल्या. दांडा माझ्यासमोर धरला. काका मध्ये पडले, "अगं, चूक माझी, सायकल मी बदलली आणि यांना कळवलं नाही." त्या म्हणाल्या, "तू सायकल बदललीस हे खरंय. पण गाडी यांनी बाहेर काढली." याच्यापुढे मला काही बोलायचं नव्हतं आणि मी बोललो नाही. काका ज्या सहजपणे दोष स्वतःवर घेत होते, त्यानं मला फार सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटलेलं मला आवडलं नाही.

मला वाटलं, आता गाडी घेऊन दुसरीकडे जातील. ताई म्हणाल्या, "तुम्हीच करा. तुम्हाला आता माहीत आहे."

योग्य मापाचे क्लॅम्प यायला बारा दिवस लागले. तेवढ्या वेळात सगळं पुन्हा उलगडलं. बॅटरीच्या खोक्यापुढे तीन मिलिमीटरची लोखंडी पाटी उभी केली, तिला आतून रबर. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमला वेगळा बेल्ट, त्याचा आयबोल्ट क्रॉस मेंबरमध्ये, क्लॅम्पशी काहीही संबंध नसलेला. एक सुटलं तरी दुसरं धरेल. वहीतल्या माझ्या हिशेबात पाईप होता, बोल्ट होते, चासी होती. सायकल आणि पाईप यांच्या मधला पाच मिलिमीटरचा दांडा त्या हिशेबात कुठेच नव्हता.

वायरिंगच्या पोराची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. ओरडलो सगळ्यांसमोर होतो, म्हणून.

गाडी डिसेंबरात कोकणात गेली. धोपाव्याच्या जेट्टीवरून ताईंचा फोन आला होता, बेल्टच्या रॅचेटला गंज धरतोय, काय करू? म्हटलं, रोज रात्री गोड्या पाण्यानं धुवा, वाळवा, तेलाचा एक थेंब खिटीवर. पट्ट्याला तेल लागू देऊ नका.

गेल्या आठवड्यात नवीन विचारणा आलीय. दोन इलेक्ट्रिक सायकली, पंचवीस-पंचवीस किलोच्या, पुन्हा आतच पाहिजेत, आणि पलंगही खालीच पाहिजे. दोन लिथियम बॅटऱ्या झोपायच्या जागेखाली ठेवायच्या की नाही, हे माझं अजून ठरत नाही. हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दोन्ही सायकली घेऊन शेडमध्ये या, आणि त्यानंतर गाडी मिळेपर्यंत त्या बदलू नका, एवढं सांगून ठेवलंय.