सर्पगंधा, वाफा दोन: फळांवरून ११ झाडं परकी, फूल नसलेली १७ संशयित

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वाफा दोनमध्ये फळं धरली आणि परकी झाडं मिसळल्याची उन्हाळ्यापासूनची शंका खरी ठरली. ३६ पैकी १९ झाडांना फुलं-फळं आली. त्यांतली ८ अस्सल सर्पगंधा (रक्तदाबावरच्या औषधी मुळीचं झुडूप), तर ११ रावोल्फिया टेट्राफायला. म्हणजे उष्ण अमेरिकेतून आलेली तिची बहीण, सर्पगंधेच्या मुळीत भेसळ म्हणून मिसळली जाते तीच. उरलेल्या १७ झाडांना फूलच नाही. लागवड गेल्या जूनची, म्हणजे डिसेंबरात १८ महिने भरून मुळं काढायची वेळ येईल. त्याआधी या १७ जणांची ओळख पटायलाच हवी, नाहीतर सगळी मुळी मिसळून जाईल.

वाफा एक बियांपासून केलेला, त्यात घोळ नाही. वाफा दोनची रोपं विकत आणलेली होती आणि गोंधळ तिथूनच आला. यापुढे मातृवृक्ष फळांसकट दाखवणाऱ्याकडूनच रोप घ्यावं. ‘एका पेरात तीन पानं आहेत ना, मग सर्पगंधाच’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये.

कारण पानांची मोजणी फसवते. सर्पगंधेला बहुतेक पेरांवर तीन पानं असतात, पण जोमदार फांदीवर चारही येतात आणि खालच्या पेरांवर दोनच. टेट्राफायलाला चार असतात, पण लहान रोपात तीही समोरासमोर दोन. मोजण्यापेक्षा एकाच पेरातल्या पानांच्या आकाराकडे बघा. टेट्राफायलाच्या चारांत मोठं पान दहा-बारा सेंमी, तर लहान तीन-चार सेंमी, असा ढळढळीत फरक असतो. सर्पगंधेची पानं साधारण सारखी, देठाकडे निमुळती, वरून तकतकीत. ही खूण चांगली, पण सावलीत वाढलेल्या, उंच ओढलेल्या झाडांत तीही पुसट होते. आपले १७ नेमके आंब्याच्या सावलीतल्या ओळीतले आहेत.

फूल आलं की प्रश्न मिटतो. सर्पगंधेचा पुष्पदंड आणि निदलपुंज (फुलाच्या बुडाचा बाहेरचा वाटा) लालबुंद, फुलाची नळी पांढरी-गुलाबी, लांब, मध्याच्या जरा वर फुगलेली. टेट्राफायलाचं फूल बारीक, हिरवट-पांढरं, लाली नाहीच. फळाच्या रंगावर जाऊ नका, पिकल्यावर दोन्ही काळी पडतात, आकार बघा. सर्पगंधेचं फळ एकेरी, किंवा बुडाशी जुळलेली जोडी, दोन दाणे वेगळे ओळखू येतात. टेट्राफायलात दोन्ही भाग पूर्ण एकजीव होऊन एकच गोल फळ दिसतं.

फूल नसेल तर मुळाचा आडवा छेद, आणि या महिन्यातलं खरं यश इथेच आहे. सर्पगंधेच्या फ्लोएममध्ये (मुळातल्या अन्न वाहणाऱ्या थरात) स्टोन सेल, म्हणजे लिग्निन या लाकडातल्या द्रव्याने टणक झालेल्या पेशी, नसतात, टेट्राफायलाच्या असतात. पेन्सिलीएवढं जाड बाजूचं मूळ घ्या, गाजराच्या तुकड्यात चीर पाडून त्यात धरा आणि दाढीच्या नव्या ब्लेडने पातळ काप काढा. कटरने काप जाड येतात, त्याचा नाद सोडा. काचेवर फ्लोरोग्लुसिनॉलचं अल्कोहोलमधलं १ टक्का द्रावण दोन थेंब, दोन मिनिटं थांबून तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, वर कव्हरस्लिप (पातळ काच). लिग्निन असेल तिथे लाल रंग येतो. कडेचं ॲसिड टिपल्याशिवाय काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवू नये, वाफेने भिंग खराब होतं. हातमोजे हवेतच, आणि हे काम खिडकीशी करावं.

पहिले तीन काप चुकीचे वाचले गेले. कडेला लाल दिसलं म्हणून ‘टेट्राफायला’ लिहिलं, पण सर्पगंधेच्या बुचालाही (मुळाच्या बाहेरच्या सालीलाही) लाल पट्टे येतात, कारण त्यात लिग्निन असलेल्या पेशींचे थर असतात. मधलं झायलेम (पाणी वाहणारा लाकडी भाग) तर दोन्हींत लाल होतंच. बघायचं ते या दोघांमधल्या फ्लोएममध्ये. तिथे स्वच्छ असेल तर सर्पगंधा, सुटे किंवा पुंजक्याने लाल ठिपके असतील तर परकं. रंग लवकर उतरतो, म्हणून लगेच फोटो काढा. मूळही फार कोवळं नको. स्टोन सेल तयार झाले नसतील तर परकं झाडही स्वच्छ दिसेल. फळांवरून ओळख पटलेल्या दोन्ही जातींच्या एकेका झाडाचा काप शेजारी ठेवल्यावर वाचन जमलं. १७ पैकी ६ झाली: ४ सर्पगंधा, २ परकी.

मूळ चाखून ओळखायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन्ही कडू, दोन्हींत रेसरपिन हे औषधी द्रव्य. त्याने रक्तदाब घसरतो, मन खचतं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांच्या लेखाने ही मुळी रक्तदाबासाठी जगापुढे आणली, तीही रुग्णांवर लक्ष ठेवून दिलेली. काळी फळं मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

वाफा एकची नोंद थोडक्यात: २०० बिया पाण्यात टाकल्या, ७६ तरंगल्या, त्या पोकळ समजून फेकल्या. बुडालेल्या १२४ पैकी ४१ उगवल्या. टणक कवचाच्या या बिया मुळातच कमी उगवतात, त्यामुळे ३३ टक्के वाईट नाही.

पुन्हा बी पेरायचं ठरत होतं, पण नोंद लिहिताना सुचलं की छेदासाठी काढलेलं मूळ वाया जातंय. काप अर्धा सेंमीतून निघतात. उरलेला ५ सेंमीचा तुकडा लागवडीला चालतो, महिनाभरात फुटतो. म्हणजे ओळख आणि रोप एकाच मुळातून. तेव्हा बी रद्द. उरलेल्या ११ झाडांचं प्रत्येकी एकच बाजूचं मूळ, काप काढून तुकडा माती, वाळू आणि लाकडाचा भुसा भरलेल्या पिशवीत, वर झाडाचा क्रमांक. छेद परका निघाला की पिशवी आणि झाड दोन्ही बाहेर. झालेल्या चार सर्पगंधांचे तुकडे आज संध्याकाळी पिशव्यांत गेले. पाणी बेताचं, जांभ्या मातीतही पिशवीच्या तळाशी पाणी साचलं तर मूळ आठवड्यात कुजतं, म्हणून प्रत्येकीला खाली सहा भोकं पाडली आहेत.