बौद्ध असून क्वेकरांकडे कशाला?

जयंतीच्या तयारीच्या बैठकीत, विहारात, नागपूरहून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की एकदा सविस्तर लिहिलेले बरे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातली मुलगी फिलाडेल्फियाजवळच्या एका ख्रिस्ती पंथाच्या सभागृहात दर महिन्याला जाऊन काय करते, तिने धर्म बदलला की काय, असे तुम्ही विचारता. मी धर्म बदललेला नाही. मी त्यांची सदस्य नाही, आणि बाप्तिस्म्याची जी भीती तुम्ही घालता तो विधीच क्वेकर करत नाहीत.

मी जाते ती त्यांच्या वाचनगटासाठी आणि त्यानंतरच्या जेवणासाठी. सकाळची मूक सभा आटोपली की, जिच्यात पुरोहित नसतो आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तोच उठून बोलतो, आम्ही शेजारच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडून महिनाभर वाचलेल्या पुस्तकावर बोलतो. मग प्रत्येकाने घरून आणलेले पदार्थ लांब टेबलावर लागतात, प्रत्येकापुढे त्यात काय काय घातले आहे याची चिठ्ठी असते, आणि जेवणापूर्वी सगळे क्षणभर हात धरून गप्प उभे राहतात. माझ्या पाटवडी-रश्शापुढच्या चिठ्ठीवर बेसन, सुके खोबरे, खसखस आणि 'फार तिखट' असे लिहिलेले असते.

सहभोजनाचे कौतुक मी सांगावे हे तुम्हाला खटकते, आणि ते खटकणे मला समजते. विद्यार्थी चळवळीत असताना सहभोजनाला मी सवर्णांनी स्वतःची समजूत घालण्याचा कार्यक्रम म्हणत असे. 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे की एकत्र जेवल्याने जातीची भावना मेलेली नाही आणि खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. त्या वयातली मी चुकत होते असे मला आजही वाटत नाही. तरीही मी त्या टेबलावर बसते, आणि ते का, हे मला एका रविवारच्या आधाराने सांगावे लागेल.

त्या महिन्यात गटाने 'जातिनिर्मूलन'च वाचायला घेतले होते. निवड माझी नव्हती. 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने रद्द केलेले हे भाषण बाबासाहेबांना स्वतःच छापावे लागले, इथपर्यंत चर्चा नीट चालली. मग एका गृहस्थांनी समाधानाने सांगितले की अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधला गुलामगिरीविरुद्धचा पहिला लेखी निषेध 1688 मध्ये इथल्याच जर्मनटाउनच्या क्वेकरांनी केला होता. पाठोपाठ कुणीतरी माझ्याकडे वळून विचारले, "तुमच्या बाबतीत असे काही घडले होते का?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या आणि मला संताप आला. आपले दुःख दुसऱ्यांच्या अभ्यासाचे साहित्य होणे काय असते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मी बराच वेळ गप्प राहिले. ती शांतता मोडण्याची घाई मात्र कुणी केली नाही. मग मी पुण्याचे सांगितले. एमएस्सीला असताना मी एका घरी पेइंग गेस्ट होते. माझ्या शिष्यवृत्तीचे पत्र त्या घराच्या पत्त्यावर आले, उघडले गेले, आणि त्याच संध्याकाळी माझे ताट, वाटी आणि पेला स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून उचलून गॅलरीतल्या फडताळात, केरसुणीच्या वरच्या खणात ठेवले गेले. कुणी एक शब्द बोलले नाही. काकू पूर्वीइतक्याच प्रेमाने आग्रह करून वाढत राहिल्या, फक्त आता वरून वाढू लागल्या. वर्ष संपेपर्यंत मी त्याच ताटात जेवले, कारण दुसरी खोली मिळत नव्हती.

मला हळहळ ऐकायची नव्हती, आणि ती कुणी व्यक्तही केली नाही. थोड्या वेळाने गटातल्या एक वृद्ध बाई बोलल्या. त्या म्हणाल्या की 1688 च्या निषेधानंतर फिलाडेल्फियाच्या क्वेकरांना सदस्यांनी गुलाम बाळगण्यावर बंदी घालायला 1776 साल उजाडले, आणि त्यानंतरही आर्च स्ट्रीटच्या सभागृहात काळ्या लोकांचा बाक वेगळाच होता. सारा मॅप्स डग्लस या कृष्णवर्णीय शिक्षिकेने 1837 मध्ये पत्रातून लिहून ठेवले आहे की ती आणि तिची आई त्या बाकावर बसत, आणि कुणी गोरा चुकून तिथे बसू नये म्हणून बाकाच्या दोन्ही टोकांना एकेक क्वेकर बसलेला असे. बाई पुढे म्हणाल्या, "आम्ही शांत बसून ईश्वराची वाट पाहत होतो आणि त्याच वेळी बाक राखत होतो."

तुम्ही म्हणाल की गोऱ्यांच्या प्रांजळपणाला भुलणे सोपे असते. असेलही. पण पंचवीस वर्षांपासूनच्या माझ्या मैत्रिणींपैकी, ज्यांच्या घरी मी गणपतीला जेवले आहे, एकीनेही आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात कुणाला प्रवेश नव्हता हे मला आपणहून सांगितलेले नाही. त्या दिवशी जेवणे झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे रांगेने भांडी घासली, आणि माझी ताटली कोणती हे मला ओळखता आले नाही. त्याने पुण्यातले फडताळ रिकामे होत नाही, हे मला कळते. आणि या गटातही माझ्यासारख्या दिसणाऱ्या व्यक्ती फारशा नाहीत, भारताविषयी काही निघाले की अजूनही सगळे माझ्याकडेच पाहतात, आणि प्रत्येक वेळी मला ते आवडत नाही.

म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप मी खोडून काढला आहे का? नाही. जिथे माझ्या जातीची कुणाला ओळखच नाही तिथे एकत्र जेवणे सोपे आहे, हा तुमचा मुद्दाही मला खोडता आलेला नाही. सदस्यत्वासाठी मला विचारणा झाली होती. बुद्धवंदना म्हणणाऱ्या बाईला तिथे जागा आहे असे त्यांनी मनापासून सांगितले, आणि तितक्याच मनापासून मी नकार दिला. 14 एप्रिलला मी आपल्या मंडळातच असेन, स्वयंपाकालाही असेन. फक्त कार्यक्रम पुढेमागे करून रविवारी घ्यायचा असेल तर महिन्याचा पहिला रविवार टाळा, कारण त्या दिवशी मी येणार नाही.