शेवटच्या फर्म्याने मोडलेला धडा

कादंबऱ्या वाचून त्यांतले धडे वहीत पात्र, धडा, बायबलचे वचन आणि प्रश्न अशा चार रकान्यांत उतरवायचे, हा माझा छंद. मागच्या नोंदीत दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ वाचून संपल्याचे मी मोठ्या समाधानाने कळवले होते आणि म्हाताऱ्या सावकारणीचा खून करणारा नायक रास्कोलनिकोव याच्यासमोरचा धडा पेन्सिलीवरून शाईवर नेल्याचे, म्हणजे पक्का केल्याचेही सांगितले होते. ते विधान आज मागे घ्यावे लागत आहे. बेळगावच्या शहापुरातील एका रद्दीच्या दुकानातून घेतलेल्या माझ्या इंग्रजी प्रतीचा शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, गळालेला होता, आणि नेमक्या पोलीस ठाण्यातील कबुलीपाशी पान संपत असल्यामुळे पुढे काही असेल अशी शंकाही मला आली नाही. खानापूरच्या एका निवृत्त गुरुजींनी नोंद वाचून ‘उपसंहाराचे काय केलेत?’ एवढेच विचारले आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर आपली धड प्रत माझ्या हातात ठेवली. जुन्या पुस्तकाची बांधणी पाहूनच ते घ्यावे, असे मी इतरांना सांगत असतो. स्वतः मात्र फक्त पहिले पान पाहिले.

मी शाईने लिहिलेला धडा असा होता: पाप कबूल केले की जीवाला विसावा मिळतो. वचनाच्या रकान्यात योहानाचे पहिले पत्र १:९, म्हणजे पापे पदरी घेणाऱ्यांना क्षमेचे आश्वासन देणारी ओळ. जुळणी इतकी सरळ वाटली होती की प्रश्नाचा रकाना मी कोराच सोडला. चौकात गुडघे टेकून जमिनीचे चुंबन घेणारा रास्कोलनिकोव, त्याला दारुडा समजून हसणारे लोक, ठाण्यातून एकदा मागे फिरल्यावर बाहेर उभी असलेली, त्याला कबुली द्यायला लावणारी सोनिया आणि तिला पाहून पुन्हा आत जाणारे त्याचे पाय, एवढ्यावर कोणालाही हाच धडा सुचला असता. (‘सोन्या’ असे लिहिले की आमच्या गल्लीतील कुणा पोराला हाक मारल्यासारखे वाटते, म्हणून मी ‘सोनिया’ लिहितो.)

उपसंहारात हा माणूस सायबेरियात ८ वर्षांची सक्तमजुरी भोगत आहे आणि त्याला पश्चात्ताप झालेला नाही. आपली एक चूक झाली, यापलीकडे त्याला स्वतःचा दोष दिसत नाही. आपला गुन्हा तो एवढाच मानतो की आपल्याला तो पेलवला नाही आणि आपण कबुली दिली. ज्या कबुलीवर माझा धडा उभा होता, तिचाच त्याला विषाद वाटत आहे! गुन्हा कबूल झाला होता, पण पाप काही पदरी घेतलेले नव्हते. सोनियावर जीव टाकणारे सोबतचे कैदी त्याला मात्र नास्तिक म्हणून अंगावर धावून जातात.

पुढचा दीड आठवडा शाईने लिहिलेल्या माझ्या त्या एकाच ओळीवर गेला. उपसंहार मागाहून चिकटवल्यासारखा आहे, असे मानणारे वाचक पुष्कळ आहेत आणि तसे मानले तर माझी शाई वाचते. परंतु धडा वाचवण्यासाठी पुस्तकाचा शेवट नाकारणे हे आपल्या छंदाच्या मुळावरच येते. मग वचन बदलून पाहिले. लूकच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्र शुद्धीवर येतो, पण तो बापाला काय सांगायचे ते आधी मनात जुळवून निघतो. रास्कोलनिकोव तर नदीकाठी एकाएकी सोनियाच्या पायांवर कोसळून रडतो आणि एक शब्दही बोलत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात ७:१० मध्ये देवाला अनुसरून होणारे दुःख आणि जगाचे दुःख यांत भेद केला आहे. ते वचन पहिल्या अर्ध्याला चपखल बसले, परंतु एक दुःख संपून दुसरे कुठे सुरू झाले, ते पान मला दाखवता येईना.

वाट थोडी मोकळी झाली ती आमच्या मंडळीतील एका कन्नडभाषक काकांमुळे. त्यांच्या जुन्या कन्नड शास्त्रात, म्हणजे बायबलात, आपल्या ‘पश्चात्तापा’च्या जागी ‘मानसांतर’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक ‘मेटानोइया’चा अर्थही मन पालटणे असाच आहे. आपला शब्द फोडला तर पश्चात् आणि ताप असे दोन भाग निघतात, आणि रास्कोलनिकोवला खुनानंतर अक्षरशः तापच चढतो. कित्येक दिवस तो फणफणून, शुद्ध हरपून पडलेला असतो. ताप पुस्तकाच्या आरंभी आला आणि मानसांतर शेवटच्या दोन-तीन पानांत, तेही गुन्ह्याला दीड वर्ष होत असताना, ईस्टर उलटून गेल्यावर. मराठी शब्दाच्या भरवशावर मी या दोन गोष्टी एकच धरल्या होत्या. सीमाभागात राहून दोन भाषांच्या पाट्या वाचण्याचा कंटाळा मीही अनेकदा केला आहे, पण त्या रविवारी हे दुसरे शास्त्र हाताशी होते, हे नशीबच.

खरा आनंद त्यानंतरच्या वाचनात झाला. रास्कोलनिकोवच्या उशीखाली नवा करार आहे. सोनियाने ज्यातून लाजाराच्या मरणातून उठण्याची कथा वाचून दाखवली होती तेच हे पुस्तक, हे लेखक सांगतो. पण ते तिला कोणी आणून दिले होते, हे मी चौथ्या भागात वाचून विसरलो होतो. लिझावेताने! म्हातारीच्या खुनाच्या वेळी अवचित दारात आली म्हणून कुऱ्हाडीला बळी पडलेली तिची ती गरीब बहीण, जिची आठवण आपल्याला क्वचितच येते याचे खुद्द खुन्यालाही नवल वाटते. तिचेच पुस्तक त्याच्या उशाशी येऊन पोहोचले आहे. तिचा तांब्याचा क्रूसही सोनिया स्वतःच्या गळ्यात घालते आणि त्याला आपला लाकडी देते. हे उमगल्यावर मी पुस्तक मिटून पडवीत आलो आणि पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसलो. दस्तयेव्हस्कीला १८५० साली तोबोल्स्क येथे, सायबेरियाच्या वाटेवर असताना, नवा करार भेट मिळाला होता आणि तो त्याने जन्मभर जपला, हे मला आधीपासून ठाऊक होते. ती माहिती केवळ चरित्रापुरती नव्हती, हे आता कळले.

म्हणून वहीत पाचवा रकाना आखत आहे: ‘वस्तू’. धड्याकडे थेट धाव घेण्याऐवजी एखादी वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, ते आधी लिहायचे. पुढचे पुस्तक तोल्स्तोयचे ‘पुनरुत्थान’ ठरले होते, पण हे लिहीत असतानाच वाटते की ते थांबू दे आणि व्हिक्टर ह्यूगोचे ‘ले मिझराब्ल’ पुन्हा काढावे. चोरी करणाऱ्या ज्याँ व्हालज्याँला बिशपने चोरीच्या चांदीवर आणखी दिलेल्या दोन मेणबत्तीदाण्या त्याच्या मृत्युशय्येपाशी पेटलेल्या असतात. मी मात्र त्यांच्यापुढे ‘क्षमा’ एवढा एकच शब्द लिहून पान उलटले होते. आणि आपल्या बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचे १८५७चे ‘यमुनापर्यटन’? तिथे उपदेश उघड केलेला असल्यामुळे मी धडे भराभर उतरवून घेतले होते. त्या यमुनेच्या प्रवासात कोणती वस्तू हातोहात गेली, हे मी एकदाही पाहिलेले नाही. तेव्हा आधी ‘यमुनापर्यटन’, मग मेणबत्तीदाण्या.

साधनांविषयी एवढेच सांगतो की या दमट हवेत शाईच्या पेनाचा हट्ट मी सोडला आहे. बेळगावच्या कॅम्प भागातून आणलेल्या महागड्या रजिस्टरचा कागद शाई पसरवतो, आणि माझ्यासारख्याला खोडायचीही गरज फार पडते. यापुढे सर्व धडे वर्षभर पेन्सिलीतच राहतील.

शाईची ती ओळ मी फाडलेली नाही, तिच्यावर फक्त एक रेघ मारली आहे. धड्याचा रकाना आता कोरा आहे आणि प्रश्नाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहे: त्याने उशीखालचे पुस्तक हातात घेतले, पण उघडले नाही, का?