कोरड्या हवेच्या गावात

गेल्या महिन्यात भिवंडीच्या जुन्या गोदामातल्या मैत्रिणीचा फोन आला. "नागपूरला गेलीस ते बरं झालं की वाईट, खरं सांग. आमच्याही डोक्यात तेच चाललंय." अर्धा तास बोलले, पण जे सांगायचं होतं ते नीट सांगून झालं नाही. म्हणून इथे लिहितेय. या एप्रिलमध्ये आम्हाला इथे येऊन चार वर्षं होतील.

हवा मानवेना म्हणून डोंबिवली सोडली आणि नागपूरला आलो, असं सांगितलं की लोक आधी तोंडाकडे बघतात. नागपूरचं ऊन सगळ्यांना माहीत असतं. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. आणि २०२४ च्या मे अखेरीस टीव्हीवर '५६ अंश' झळकले तेव्हा माझ्या भावाने डोंबिवलीहून तीनदा फोन केला. ते एका स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरमधल्या बिघाडामुळे आलेलं होतं, हे दोन दिवसांत कळलं. पण आमच्या माहेरी-सासरी अजूनही कोणी ना कोणी '५६ डिग्रीत कसे राहता गं' असं विचारतं.

आम्ही पळालो ते उन्हापासून नाही, ओलीपासून.

डोंबिवलीत आमचा तळमजल्यावरचा वन बीएचके होता, ४४० चौरस फुटांचा. मागची भिंत गटाराला लागून. जूनमध्ये पाऊस लागला की त्या भिंतीवर खालून वर ओल चढायची, आधी हातभर, गणपतीपर्यंत कमरेएवढी. रंगाचे पोपडे सुटायचे. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकलेले, तरी चमच्याने मीठ खरवडून काढायचं. पापड भाजून ताटात येईपर्यंत मऊ. हे सगळं चालवून घेतलं असतं, सगळी डोंबिवली चालवून घेतेच. पण सासूबाईंना दमा. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दोन-दोन वाजता नेब्युलायझर लावायचा आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसायचं. त्यांच्या छातीतली घरघर ऐकत मी त्या भिंतीकडे बघत राहायचे. दोनदा वॉटरप्रूफिंग केलं. दोन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात ओल परत आली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "औषध वाढवत नेण्यापेक्षा यांना कोरड्या घरात न्या."

कोरडं घर डोंबिवलीत मिळत नाही असं नाही, पण वरच्या मजल्यावरचा, उजेडाचा टू बीएचके आमच्या हातात येणारा नव्हता. त्यात माझा रोजचा प्रवास. डोंबिवलीहून भिवंडी नकाशावर बोटभर अंतर. पण मध्ये खाडी, म्हणून कल्याणवरून वळसा. जाताना सव्वा तास, येताना दोन. मोठागाव–माणकोली पूल सुरू झाला तो २०२४ मध्ये, आम्ही तिथून निघाल्यावर दोन वर्षांनी. तो आधी झाला असता तर कदाचित ही पोस्ट लिहायची वेळच आली नसती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

माझं काम औषधांच्या डेपोचं. कंपनीकडून माल घ्यायचा, बॅच आणि मुदत बघून लावायचा, स्टॉकिस्टना पाठवायचा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तपासणी नाके गेले, आणि प्रत्येक राज्यात वेगळं छोटं गोदाम ठेवण्याची गरज कमी झाली. तेव्हापासून नागपूरचं नाव आमच्या धंद्यात जास्त ऐकू यायला लागलं. श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग आणि हजिरा–पारादीप महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे विदर्भच नाही, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण सगळीकडे गाडी निघू शकते. अमरावती रोडवर वाडीला एका डेपोत इनचार्जची जागा निघाली. पगार भिवंडीपेक्षा फक्त चार हजारांनी जास्त. पण भिवंडीत मी एका प्रचंड गोदामातली एक सुपरवायझर होते, इथे सगळा डेपो माझ्या सहीवर चालणार होता. नवरा घरून डीटीपीचं काम करतो, त्याला कुठेही बसून चालतं. सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तिकडे भजनी मंडळ असेल ना गं?"

विदर्भ एक्स्प्रेसने कल्याणहून निघालो आणि सकाळी नागपूरला उतरलो, तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. त्रिमूर्ती नगरात तळमजल्याचं घर भाड्याने मिळालं होतं: दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. भाडं अकरा हजार. डोंबिवलीच्या आमच्या घराचं जे भाडं येतं त्याहून कमी.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. ओठ फुटले, टाचा चिरल्या. आणि एके दुपारी शाळेतून आलेल्या मुलाचा घोळणा फुटला. शर्टावर रक्त बघून मी हादरले. भिवंडीला फोन करून जुनी जागा अजून रिकामी आहे का विचारावं, इथपर्यंत मन गेलं. शेजारच्या काकू धावत आल्या. त्याला खाली बसवलं, मान पुढे वाकवायला लावली, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून ठेवला, डोक्यावर ओला पंचा टाकला. पाच-दहा मिनिटांत रक्त थांबलं. मग त्यांचं लक्ष आमच्या खोलीकडे गेलं. आम्ही नवा कूलर आणला होता आणि एसीसारखा समजून सगळ्या खिडक्या, दारं घट्ट लावून तो चालवत होतो. खोलीत दमट वाफ कोंडली होती.

"काऊन बाई, खिडक्या लावून काय बसल्या? हवेले निघाले जागा द्या ना बापा!"

त्यांनी पलीकडची खिडकी वीतभर उघडली. दोन मिनिटांत खोली बदलली. खरंच बदलली.

तेव्हापासून मी कूलर नीट समजून घेतला. खाली टाकी, तिच्यात छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जाडसर पडद्यांवर, ओघळतं. पंखा बाहेरची रखरखीत हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी हवेतली उष्णता खर्च होते. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं, तितकी खोली गार. मे महिन्याच्या दुपारी इथली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. मुंबईकडे पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर असते, तिथे हेच यंत्र नुसता चिकटपणा वाढवेल. म्हणून कूलर खिडकीबाहेर स्टँडवर हवा, आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. मार्चमध्ये ताट्या बदलायच्या, कारण पाण्यातल्या क्षारांनी जुन्या ताट्या पांढऱ्या, कडक झालेल्या असतात. नवतपात, म्हणजे मे अखेरीला सुरू होणाऱ्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, टाकी दिवसातून दोनदा भरायची. आठवड्यातून एक दिवस ती पूर्ण रिकामी करून घासून वाळवायची, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. आणि जूनच्या मध्याला पाऊस आला की कूलर उतरवून ठेवायचा, तेव्हा तो काही कामाचा नाही. हे सगळं त्या काकूंनी शिकवलं. अजूनही ताट्या आणायला आम्ही दोघी बरोबरच जातो.

उन्हाचंही एक वेळापत्रक असतं, ते पाळलं तर ते सोसवतं. सकाळी सहा ते दहा कामाचे तास. अकरानंतर बाहेर पडायचं नाही, पडायचंच तर दुपट्टा तोंडाला घट्ट बांधून, पोटभर पाणी पिऊन. डेपोतही आम्ही उन्हाळ्यात गाड्या पहाटे किंवा रात्री सोडतो. औषधाच्या पाकिटावर '२५ अंशांखाली ठेवा' लिहिलेलं असतं, ते दुपारी दोनच्या ट्रकमध्ये कसं पाळणार? इन्सुलिन, लशी यांच्यासाठी २ ते ८ अंशांची खोली वेगळी. भिवंडीत मी खोक्यांना ओल लागू नये म्हणून लाकडी पॅलेट मोजायचे, इथे तापमानाची नोंद बघते. जूनपासून गडचिरोली-चंद्रपूरकडून सर्पदंशावरच्या इंजेक्शनची मागणी वाढते. ती खोकी मी स्वतः बर्फाच्या पिशव्या लावून बांधून घेते, गाडी पोचेपर्यंत ड्रायव्हरशी बोलत राहते. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत माझ्या डेपोतून माल जातो. भिवंडीत खोकं कुठे जातं, हे मला कधी कळायचंच नाही.

पहिल्या पावसाळ्याची मी धास्ती घेऊन वाट बघत होते. पाऊस आला, चांगला जोरात आला. रोज सकाळी उठून मी भिंतींवरून हात फिरवायचे. कोरड्या. ऑगस्टमध्ये एकदा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. मी घाबरून गेले तर त्या मिठाची बरणी हातात धरून उभ्या. उलटी करून ताटलीत मीठ ओतून दाखवलं. पांढरं, सुटं, सरसर पडलं. "तांदूळ घातलेले नाहीत," म्हणाल्या. आम्ही दोघी बराच वेळ त्या ताटलीकडे बघत होतो.

दमा गेलेला नाही, हे मैत्रिणीलाही सांगितलं. डिसेंबरच्या थंडीत, पहाटेच्या धुळीत त्यांना त्रास होतो, पंप उशाशी असतोच. पण नेब्युलायझर मागच्या वर्षात तीनदाच लागला. भजनी मंडळही मिळालं, प्रतापनगरात, मंगळवारी-शुक्रवारी. दिवाळीच्या पहाटे मात्र त्यांना डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणाऱ्या गर्दीची आठवण येते आणि त्या गप्प असतात. मलाही येते. मुलगा आता 'येऊन राहिलो', 'जाऊन राहिलो' बोलतो आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरतो. त्याला डोंबिवलीचं फारसं आठवत नाही.

घराच्या बाबतीत मात्र मैत्रिणीला अगदी बजावून सांगितलं. इथे जमीन आहे, म्हणून आपण मुंबईकडचे लोक हुरळून जातो. आम्हीही गेलो. बेसा भागात एक प्लॉट दाखवला, दीड हजार चौरस फूट, फोटोत रस्ते, झाडं, सगळं. एजंट म्हणाला, एनए-टीपी (बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी) आहे, आरएल येऊनच राहिलंय. आरएल म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. लेआउटमधले रस्ते, गटारं, वीज ठरल्याप्रमाणे झाली की नागपूर सुधार प्रन्यास किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) प्लॉट मोकळे करतं, त्याचं पत्र, म्हणजे रिलीज लेटर. ते नसेल तर बँक कर्ज देताना अडते, घराचा नकाशा मंजूर होताना अडतो. आम्ही ५१ हजार इसार देऊन बसलो. सहा महिने 'पुढच्या आठवड्यात' ऐकलं. पैसे परत मिळवायला आणखी सात महिने लागले, तेही ४० हजारच. ते अकरा हजार मला अजून सलतात, कारण ते माझ्या दिवाळी बोनसचे होते.

दुसरी गोष्ट नाल्याची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीच्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. चांगल्या, जुन्या, महागड्या वस्त्या. डेपोतल्या आमच्या एका मुलाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे तिथे चिखल उपसायला गेलो. ओल्या गाद्या, फुगलेली दारं, आणि तो वास. तो मला लगेच ओळखू आला. तेव्हापासून घर बघायला गेले की आधी विचारते: नाला किती लांब, आणि त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं.

मागच्या वर्षी जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. आमच्या डेपोचा माल आता त्याच रस्त्याने येतो. तो संपतो आमणे गावाजवळ, भिवंडी तालुक्यात. माझं जुनं गोदाम तिथून फार लांब नाही. पहिल्यांदा पावतीवर 'आमणे' वाचलं तेव्हा मी ड्रायव्हरला चहा दिला आणि तिकडे पाऊस कसा आहे ते विचारलं. तो म्हणाला, चार दिवस उघडलाच नाही.

मैत्रिणीने शेवटी विचारलं, "मग येऊ का?" मी म्हटलं, आधी मे महिन्यात आठ दिवस राहायला ये, डिसेंबरात नको. डिसेंबरातलं नागपूर बघून कोणालाही राहावंसं वाटेल. नवतपात ये, कूलरसमोर झोप, पहाटे पाचला माझ्याबरोबर वाडीला चल, मग ठरव. तिने तिकीट काढलंय, २४ मेचं.

आम्ही मात्र अजून भाड्याच्याच घरात आहोत. येत्या रविवारी सोमलवाड्यात फ्लॅटची एक स्कीम बघायला जायचंय, दुसरा मजला, पूर्वेला खिडक्या, लिफ्ट आहे. नाला दीड किलोमीटर लांब. आरएलची प्रत आधी पाठवा असं सांगितलंय. ती अजून आलेली नाही.