स्मशानभूमीची बेणणी

29 ऑक्टोबर

परतीचा पाऊस आता थांबला, असे धरून आज सकाळी गावच्या स्मशानभूमीतील बेणणीला, म्हणजे तण काढायला, सुरुवात केली. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आणि आमच्यासारख्या जांभ्या दगडाच्या उतारावर, जिथे मूठभर माती साठली असेल तिथे गवत कमरेला लागते. त्यात टाकळा, घाणेरी आणि सर्वांत चिवट ती रानमोडी. ही मूळची अमेरिका खंडातली वनस्पती आता इथल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर हक्क सांगते. ती थंडीत फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर उडते, म्हणून तिला फुलण्याआधी, माती अजून ओली असतानाच मुळासकट उपटावी लागते. डिसेंबरात जमीन आवळली की खोड हातात तुटून येते आणि बुडातून पुन्हा दुप्पट फुटवे निघतात.

गवताचे मात्र तसे करायचे नाही. आज आम्ही ते कोयत्याने वीतभर राखून कापले. यंदाचे बी आता पिकून खाली पडले आहे; मुळे जागेवर राहिली तर पुढच्या जूनच्या पहिल्या सरीला मातीला आधार मिळेल, आणि वरचा भाग आत्ताच काढून टाकला म्हणजे फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतावर चितेची ठिणगी पडून वणवा लागण्याची भीती उरणार नाही. शेजारच्या वाड्यावरचे एक वृद्ध शेतकरी कोयता घेऊन आपणहून आले होते. मी एके ठिकाणी फार खाली कापतो आहे असे पाहून ते म्हणाले, "मुळां आसूं दी, तीं माती धरतात." या कामातले बहुतेक सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आले.

स्मशानभूमीची देखभाल ही पंचायतीची जबाबदारी आहे, आणि आमच्याकडे ती वर्षानुवर्षे मे महिन्यात, "पावसाळ्यापूर्वीची साफसफाई" या नावाखाली, ठेका देऊन पार पाडली जाते. गतवर्षी ठेकेदाराने जेसीबी आत घातला. एका दिवसात सगळे मैदान तांबडे आणि गुळगुळीत झाले, फोटो काढले गेले, बिल मंजूर झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती सगळी माती चरातून वाहत खालच्या व्हाळात (ओढ्यात) गेली, शेडच्या एका खांबाचा पाया उघडा पडला आणि गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा, एक भाग ओलीने ढासळला.

पण खरे नुकसान त्याहून वेगळे आहे, आणि ते लिहिताना अजूनही हात जड होतो. आपल्याकडे दात येण्याआधी गेलेल्या बाळांना अग्नी देत नाहीत, पुरतात. आमच्या स्मशानभूमीच्या ईशान्य कोपऱ्यात, कुंभ्याच्या झाडाखाली, अशी जागा आहे. तिथे समाधी नाही, नाव नाही; प्रत्येक ठिकाणी फक्त एक अनघड चिरा ठेवलेला असे. यंत्र चालवणाऱ्याला ते चिरे म्हणजे वाटेत पडलेले दगड वाटले असणार. ते गोळा करून गडग्यापाशी टाकलेले आढळले. श्रावणात वाड्यावरची एक बाई अबोलीचे रोप घेऊन आली. ती त्या कोपऱ्यात बराच वेळ एकेका जागी उभी राहून पाहत होती, मग मला म्हणाली, "काका, माझा दगड कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे काय?" मला ठाऊक नव्हते. कुणालाच नव्हते. रोप तिने कुंभ्याच्या बुंध्याशी लावले. आज त्याला फुले आहेत, आणि त्याच्याभोवतीचे गवत आम्ही हाताने खुरपले. नायलॉनच्या दोरीचे ब्रश कटर कोवळ्या खोडाची साल गोलाकार सोलते व झाड वाळते. जांभ्याचे कोपरेही त्याच्या माऱ्याने उडतात. म्हणून झाड, समाधी आणि चिरा यांच्या हातभर अंतरात यंत्र आणायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले आहे.

येत्या 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती बांधवांचा मृतात्म्यांचा दिवस आहे, त्यामुळे या आठवड्यात गोव्यातल्या गावोगावच्या दफनभूमींतून गवत कापणे, क्रूस धुणे, चुना लावणे चालू आहे. त्यांची तिथी नेमकी अशा वेळी येते की जमीन मऊ असते आणि पाऊस संपलेला असतो. दरवर्षी शेकडो हात आपोआप योग्य आठवड्यात कामाला लागतात. आपली सर्वपित्री भाद्रपदात, म्हणजे अजून पाऊस असताना येते, आणि पितरांचे विधी बहुतेक घरी, देवळात किंवा नदीकाठी होतात, स्मशानात नाहीत. जागेशी वर्षातून एकदा तरी नाते सांगणारा दिवस आपल्यापाशी नाही. तो आपण ठरवून निर्माण केला पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

दुपारी गडग्यातल्या पिंपळाच्या रोपांकडे वळलो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते आणि चिऱ्यांच्या फटीत रुजते. बोटभर असताना ओल्या सांध्यातून ते अलगद निघते. मनगटाएवढे झाल्यावर ओढले तर चिरे घेऊनच बाहेर येते. तसे मोठे झालेले रोप आज बुडाशी कापले, आता दर महिन्याला फुटवा खुडायचा. मोकळ्या फटी चुन्याने भरायच्या आहेत. सिमेंट लवकर होते, पण जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंट ती ओल अडवते व चिऱ्याच्या कडा कुजवते. तणनाशकाचाही प्रस्ताव कुणीतरी मांडला होता. मेलेली मुळे माती धरत नाहीत, एवढे त्याला उत्तर पुरेसे आहे.

कोपऱ्यातले सापडलेले चिरे आम्ही धुऊन कुंभ्याखाली एका ओळीत ठेवले. त्यांच्या मूळ जागा परत मिळणार नाहीत, हे त्या घरांना आम्ही जाऊन सांगितले. यापुढे मात्र प्रत्येक दफनाची जागा झाडापासूनच्या अंतरासह वहीत नोंदली जाईल आणि त्या कोपऱ्याला बुटका गडगा घालायचा आहे. दफनानंतर वर राहिलेला मातीचा उंचवटा पहिला पावसाळा संपेपर्यंत सपाट करायचा नाही, कारण आतली माती खचत जाते. ती बसली की वर भर घालून हरळी लावायची.

येत्या ग्रामसभेत ठेक्याच्या अटींत तीन बदल मागणार आहे: काम मे महिन्याऐवजी ऑक्टोबरच्या अखेरीस व्हावे, गडग्याच्या आत जेसीबी येऊ नये आणि काम सुरू होण्याआधी ठेकेदाराच्या माणसांना गावातल्या कुणीतरी सगळी जागा फिरून दाखवावी. अर्ज लिहून झाला आहे. त्यावर वाड्यावरच्या सह्या घ्यायच्या आहेत, आणि पहिली सही त्या अबोलीवाल्या बाईने करावी, अशी विनंती करायला उद्या तिच्याकडे जाणार आहे.