सरांचा लिफ्ट

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं बाइकचं गॅरेज आहे. शाळेत फिजिक्स शिकवलेले आमचे सर निवृत्तीनंतर आपली जुनी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० घरीच खोलतात, अडलं की मला फोन. हायड्रॉलिक लिफ्ट घ्यायचा ठरला तेव्हाही मलाच विचारलं. मी म्हटलं, सर, खालून उचलणारा कैची-जॅक नको. तुमच्या गाडीला इंजिनाखाली फ्रेमचे पाइपच नाहीत, जॅक थेट इंजिनावर टेकेल. टेबल लिफ्ट घ्या, अख्खी गाडी प्लेटवर उभी राहते तो, ४५० किलो उचलणारा. गाडी १९० किलोच्या आसपास, पण बोल्ट सोडवताना जोर लावतो तो वेगळा. पुढचं चाक पकडायला शिकंजा हवा, मागचं चाक काढायला प्लेटमध्ये खिडकी हवी आणि सेफ्टी रॉड हवा.

त्यांनी तसाच घेतला. वाड्याच्या चौकातली फरशी मोरीकडे उतरती, म्हणून लिफ्ट ओटीवर मांडला. तिथवर सगळं शिस्तीत.

गेल्या रविवारी पोऱ्याला घेऊन गेलो. गाडी कमरेच्या उंचीवर, हँडलला दोन्हीकडून पट्टे, मागचं चाक बाहेर. चहा झाला. एक्सलचा नट खिडकीतून खाली पडला आणि सरांनी तो काढायला प्लेट उचलणाऱ्या कैचीच्या दोन पात्यांमध्ये हात घातला. तेवढ्यात पोऱ्या ओरडला, "भाई, आ तो नीचे उतरे छे!" मघाशी प्लेटखाली आरामात सरकणारं स्टूल आता अडकलं होतं. मी सरांना दंडाला धरून मागे ओढलं. ज्यांच्यापुढे अंगठे धरून उभा राहिलोय त्यांना!

सेफ्टी रॉड कुठे? भिंतीला टेकवून ठेवलेला, प्लास्टिकसकट. लिफ्ट तेलावर उचलतो, पण माणसाने खाली हात घालायचा तो लोखंडाच्या भरवशावर. रॉड भोकात घालायचा, मग व्हॉल्व्ह जरा सोडून टेबल त्यावर टेकवायचं, एवढंच काम. पण खरं सांगायचं तर आमच्या लाइनीतही निम्मे मिस्त्री तो लावत नाहीत.

गाडी उतरवून लिफ्टचा सिलिंडर खोलला. तेल पातळ, पिवळसर, वास ओळखीचा. ब्रेक ऑइल! सील भिजवलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं, नखाने दाबलं तर तुकडा निघाला. या लिफ्टचं रबर खनिज तेलासाठी असतं, ब्रेक ऑइल त्याला खाऊन टाकतं. सर म्हणाले, "अरे, ब्रेकपण हायड्रॉलिकच ना? पास्कलचा नियम दोन्हीकडे एकच." नियम एकच, रबर वेगळं. हे पुस्तकात कुठे असतं? लिफ्टबरोबर आलेला कागद तर मोडक्या इंग्रजीतला, तेलाबद्दल एक ओळ नाही.

दुसऱ्या दिवशी नवं सील, ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल. व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-बारा वेळा रिकामा पंप मारला, हवा निघाली. रात्रभर गाडी वर ठेवली, रॉड लावून, पण टेबल त्यावर न टेकवता. सकाळी सूतभरही उतरली नव्हती.

सर म्हणाले, "त्या दुकानदाराने चुकीचं तेल दिलं बघ."

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला होता, लिफ्ट पूर्ण वर जात नाही म्हणून. माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं उभी. मी म्हटलं होतं, "ऑइल कमी असेल सर, टाका थोडं." कोणतं, असं त्यांनी विचारलं होतं. "हायड्रॉलिकचं कुठलंही चालेल," म्हणून मी फोन ठेवला होता.

दुकानदाराचं ऐकून मी नुसती मान हलवली. पोऱ्या माझ्याकडेच बघत होता. फोन आला तेव्हा तोही शेजारी होता.